होटगी रोडचा विमानतळ: थांबलेली वर्षं

सोलापूरचा माणूस मुंबईला निघाला की रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसायचा आणि सकाळी उतरायचा. पुण्याला जायचं तर हुतात्मा. आपल्या शहराला विमानतळ आहे, हे त्याच्या ध्यानातही नसायचं. तो मात्र होता. होटगी रोडवर, सुमारे 350 एकरांत, दोनेक किलोमीटरच्या धावपट्टीसह.

इथून विमानं उडालीही. किंगफिशरचं पंख्याचं छोटं एटीआर विमान मुंबईहून येत असे. ती सेवा थांबली आणि 2012 मध्ये कंपनीचीच सगळी उड्डाणं बंद पडली. त्यानंतर या धावपट्टीवर उतरत राहिली ती मंत्र्यांची आणि नेत्यांची विमानं. आषाढीला, निवडणुकीला, सभेला. तिकीट काढून जाऊ पाहणारा सोलापूरकर कुंपणाबाहेरच राहिला. चादर-टॉवेलचा मोठा गिऱ्हाईक पुण्याला नाहीतर हैदराबादला उतरायचा आणि चार-पाच तास गाडीत घालवून गिरणीच्या दारात पोचायचा. पोचला तर.

2017 मध्ये छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या पहिल्या यादीत सोलापूरचं नाव आलं. त्याच यादीतल्या नांदेड, कोल्हापूर, जळगावहून विमानं उडाली. सोलापूर जागेवरच राहिलं.

अडलं होतं चिमणीपाशी.

विमान उतरतं ते साधारण 3 अंशांच्या उताराने. धावपट्टी एक किलोमीटरवर असताना ते जमिनीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटर वर असतं. त्या वाटेच्या आसपास काही उंच उभं असलं, तर परवाना मिळत नाही. आणि इथे कुमठ्याला श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची, साखरेसोबत वीजही तयार करणाऱ्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे 90 मीटर उंच चिमणी उभी होती.

शहरात घोषणा होती, चिमणी पाडा. उसाच्या बांधावर प्रश्न वेगळा होता. चिमणी गेली आणि बॉयलर थांबला तर गाळप घटणार, मग आमच्या उसाला तोड कधी येणार? हा प्रश्न खोटा नव्हता. ज्याचं वर्षाचं पीक शेतात उभं आहे, त्याला विमानाच्या वेळापत्रकाचं काय सांगणार? पण शहरातल्या तरुणाला पुणं गाठल्याशिवाय नोकरी नाही, हेही तितकंच खरं होतं. उपोषणं झाली, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या.

शिवाय सोलापूरजवळचं बोरामणी होतंच. तिथे नवा, मोठा विमानतळ होणार म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. पुढे वनजमिनीचा आणि माळढोक पक्ष्याच्या अधिवासाचा प्रश्न आला आणि काम रेंगाळलं. पण तोवर बोरामणीमुळे होटगी रोडचं नुकसान होऊन गेलं होतं. नवा होणारच आहे, मग जुन्यावर खर्च कशाला, हे उत्तर वर्षानुवर्षं पुरलं. आमच्या मते चिमणीइतकीच ही चालढकलही विमानतळाला नडली.

15 जून 2023. महापालिकेने कडक बंदोबस्तात चिमणी पाडायला घेतली. बुंध्याशी पोखरलेली ती उंच नळी आधी किंचित कलली, मग एका अंगावर आली आणि काही सेकंदांत धुरळाच धुरळा. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघंही सोलापूरचेच.

पुढची कामं भराभर झाली. 29 सप्टेंबर 2024 ला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे नूतनीकरण केलेल्या विमानतळाचं उद्घाटन केलं. तरी पहिलं प्रवासी विमान उडायला 9 जून 2025 उजाडला. ते गेलं गोव्याला. ज्या मुंबईसाठी एवढा आटापिटा केला, तिचं विमान त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झालं.

या मुंबईच्या विमानासाठी राज्य सरकारने व्यवहार्यता तफावत निधी मंजूर केला आहे. जागा भरल्या नाहीत तरी कंपनीने पहिल्या महिन्यांतच पाय काढू नये, म्हणून विमानातल्या आसनामागे दिलेला हा आधार. त्याला मुदत आहे. ती संपेपर्यंत कापडवाले, डॉक्टर, पुण्या-मुंबईत राहणारी सोलापूरची पोरं, अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूरचे भाविक या विमानाला सरावले पाहिजेत. किंगफिशरच्या वेळी ही सवय लागायच्या आतच सेवा गेली होती.