अर्पण तिथेच ठेव, आधी भावाकडे जा

नमस्कार मंडळी. ख्रिस्ताच्या मागे चालायचं म्हणजे रोजच्या जगण्यात नेमकं काय करायचं यावर आज बोलूया, रविवारचं सोडून, रविवारी आपण सगळेच इस्त्रीचा शर्ट घालून शहाणे असतो.

बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान, पाचवा अध्याय, वचन २३ आणि २४. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाकडे जा, समेट कर, मग ये. ऐकलंत ना, भावाच्या मनात. चूक कोणाची हे येशू विचारतच नाही. आणि आपल्या कोकणात हे वचन जाम जड जातं, कारण गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून, भावाभावात केस नाही असं घर दाखवा मला.

तर मालवणकडच्या एका वाडीतले दोघे भाऊ. मधे चिऱ्याचा गडगा, त्याला लागून बापाने लावलेलं हापूसचं कलम, खोड थोरल्याकडे आणि मोठी फांदी धाकट्याच्या खळ्यावर, म्हणजे अंगणावर, सातबारा सामाईक. झालं, बोलणं बंद. विहीर एकच, तर पंप लावायच्या वेळासुद्धा वाटून घेतलेल्या.

लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातला, शुक्रवार होता. चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, फादरांनी हेच वचन वाचलं. वर्गणीची पिशवी फिरवायचं काम थोरल्याकडे, त्याने पिशवी बाकावर ठेवली आणि सरळ बाहेर. बायको कॉयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या गटात, तिला वाटलं पोट बिघडलं. (कॉयर म्हणजे हल्ली नुसता कीबोर्ड हो, पेटी-तबला गेलाच. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणली, ते अभंग कीबोर्डवर ऐकले की माझं डोकं फिरतं. असो.)

थोरल्याने घरातून सीझनची पहिली आंब्याची पेटी उचलली, वाशीच्या बाजारात जायची होती ती, आणि वळसा घालून धाकट्याच्या खळ्यात उभा. धाकट्याने भावाकडे नाय बघितलं, पेटीकडे बघितलं.

"हे आंबे खयचे?"

"कलमाचे."

"म्हणजे माझ्या फांदयेचे."

"फांदी तुझी, पण खोड माझा!"

की परत सुरू! समेट करायला आलेला माणूस घाम पुसत भांडतोय. शेवटी धाकट्याची बायको बाहेर आली, पेंढा बाजूला करून एक आंबा हुंगला आणि म्हणाली, "पिकाक अजून आठ दिवस आसत, मगे भांडा. आता चाय घेवा." थोरला चहा पिऊन परत चर्चला पोचला तोवर मिस्सा आटपलेला, पिशवी तिथेच बाकावर.

आणि केस मिटली का? नाय मिटली. पण अर्पण ठेवून भावाकडे जा इतकंच सांगितलंय, केस जिंकून ये असं नाही, हे परत सांगतो. आता कोर्टाच्या तारखेला दोघे एकाच बाईकवरून जातात, धाकटा चालवतो, थोरला मागे फाईल धरून. वकिलांना हे बिलकुल आवडलेलं नाही. पण पुढचं २५वं वचन काढून बघा, कोर्टाच्या वाटेवर असतानाच विरुद्ध पक्षाशी समेट कर असंच लिहिलंय तिथे. वाटेत टपरीवर थांबतात, वडापाव खातात, आणि पैसे कोणी द्यायचे यावरून नवीन वाद.