दगडावरचा बुळबुळीत थर

मंडळी, पाण्यातल्या दगडावर पाय जपून टाक रे, असं प्रत्येक आजीनं नातवाला कधी ना कधी सांगितलेलं असतं, आणि आपण त्या बुळबुळीत थराला शेवाळ म्हणून मोकळे होतो. आज येताना मी ओढ्यातला असाच एक दगड आणलाय. टूथब्रशनं घासला की बशीत हे असं चहासारखं पाणी उतरतं, आणि त्यातला एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला की होड्या दिसतात, काचेच्या होड्या, काही तर चक्क सरकत जाताना दिसतात! हे डायटम. जीव एका पेशीचा, पण कवच सिलिकाचं, आणि त्यावरची नक्षी इतकी बारीक की जात ओळखतात ती नक्षीवरूनच. आपल्या कोल्हापूर भागातले गोड्या पाण्यातले डायटम एच. पी. गांधी यांनी १९५०च्या दशकात नोंदवून ठेवले, आणि हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, दगड खरवडून खाणारे मासे, या सगळ्यांचं ताट म्हणजे हा थर.

आता पान घ्या. जांभळाचं पान ओढ्यात पडलं तर ते लगेच कोणी खात नाही, चिवट असतं. आधी त्यात बुरशी शिरते, आठवडे-दोन आठवडे आतून मऊ करते, मग किडे तुटून पडतात आणि शेवटी शिरांची नुसती जाळी उरते. या पाण्यातल्या बुरशीचं जग इंगोल्ड नावाच्या शास्त्रज्ञानं १९४२ मध्ये इंग्लंडमधल्या एका ओढ्यात कुजलेल्या पानांवर दाखवून दिलं. तिचे बीजाणू बऱ्याचदा चार हातांच्या चांदणीसारखे असतात, त्यामुळे ते फेसात अडकतात, म्हणून घाटात छोट्या धबधब्याखाली पांढरा फेस साठलेला दिसला तर एक चमचा भरून घ्या, चांदण्याच चांदण्या सापडतील. शहराच्या खाली नदीवर तरंगतो तो फेस वेगळा, त्यात साबण-डिटर्जंटचा मोठा वाटा असतो.

आणि शहराखालीच गणित बिघडतं. २५ अंशाच्या एक लिटर पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. सांडपाणी आलं की बॅक्टेरिया ते खायला बसतात, ते त्यांचं कामच आहे, पण खाताना तोच ऑक्सिजन वापरतात. वर खत मिळाल्यामुळे हिरवं शेवाळ माजतं, ते दिवसा ऑक्सिजन सोडतं खरं, पण रात्री तेही श्वासच घेतं, म्हणून पहाटे पाणी सगळ्यात रिकामं असतं. तळ्यातले मासे सकाळी सकाळी वर येऊन तोंड उघडत असतात ना, ते यासाठी. बरेचदा कुणी विष टाकलेलं नसतं, रात्रभरात श्वास संपलेला असतो.

मागच्या टेबलावर दोन मायक्रोस्कोप लावलेत. डावीकडे या ओढ्यातला दगड आहे, उजवीकडे नाल्याच्या तोंडापासला. मुलांना आधी पुढे येऊ द्या.