घरच्या गाण्याला अॅम्प्लिफायर घेताना

नमस्कार मंडळी. आज बोलायचं आहे अॅम्प्लिफायरबद्दल, आणि तोही घरच्या. मांडवातल्या डीजेचा विषय आज नाही, आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतल्या भोंग्यांचा तर नाहीच नाही. आपली दहा बाय बाराची बैठक, सकाळी अभंग, रात्री जेवणं आटोपल्यावर जुनी गाणी, एवढ्यासाठी जो लागतो तो. बजेट धरा आठ-दहा हजार, फार ओढून ताणून बारा. एवढ्यात चांगला मिळतो का, असं बरेच जण विचारतात. मिळतो जी, मस्त मिळतो. फक्त डब्यावरचा मोठा आकडा पाहून घेऊ नका.

त्या डब्यावर काय लिहिलेलं असतं, तर 5000 वॅट पीएमपीओ. आता हे पीएमपीओ मोजायचा ठरलेला असा काही नियमच नाही, ज्याला जो आकडा छापावासा वाटला तो त्यानं छापला. म्हणून आपण विचारायचं आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे खरे वॅट किती, किती ओहमच्या स्पीकरला (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप), आणि दोन्ही चॅनल, म्हणजे डावी-उजवी बाजू, सोबत चालू असताना किती. दुकानदाराला सांगता नाही आलं तर अॅम्प उलटा फिरवा आणि मागचं स्टिकर वाचा. अॅडाप्टरवर चालणारा असेल तर अॅडाप्टर वाचा. समजा लिहिलं आहे 12 व्होल्ट 2 अँपिअर, तर बारा दुणे चोवीस, म्हणजे त्या अॅम्पच्या आत 24 वॅट जाऊन राहिले, आणि डब्यावर लिहिलं आहे 200 वॅट. निघतील कुठून बाप्पा? मोजायच्या पद्धतीमुळे थोडा इकडे तिकडे फरक पडतो, चांगल्या कंपन्यांच्या स्टिकरवरसुद्धा पडतो, पण 24 चे 200 होत नाहीत. पुन्हा सांगतो, डबा वाचू नका, मागचं स्टिकर वाचा.

आता काकाजींची गोष्ट ऐका, ती सांगितल्याशिवाय हा विषय मला पूर्णच वाटत नाही.

आमच्या शेजारी एक काकाजी राहतात, अजनीच्या लोको शेडमधून रिटायर झालेले. 1957 चा जन्म, आणि विविध भारतीही 1957 चीच, त्यामुळे ते नेहमी म्हणतात की आम्ही दोघं एका वयाचे. रेडिओवर जीव. मुलगा पुण्याला असतो, त्यानं त्यांना स्पीकरची एक छान जोडी पाठवली, लहानशी, शेल्फवर ठेवायची, 8 ओहमची, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटवर एक मीटर अंतरावर किती आवाज येतो ते, 87 डेसिबल. स्पीकर आले पण त्यांना चालवणार कोण, म्हणून काकाजी मला घेऊन बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेले अॅम्प घ्यायला.

दुकानात दोन अॅम्प बजेटच्या जवळपासचे होते. एक चौदा हजारांचा, समोर निळे लाइट, गाण्यासोबत वरखाली होणारे पट्टे, रिमोट, सगळं. दुसरा नऊ हजारांचा, काळा डबा, समोर तीन नॉब आणि एक बटण, बस. सेल्समननं आधी साधा लावला, मग निळ्या लाइटवाला लावला, आणि खरं सांगतो, निळा एकदम भारी वाटला. बेस भरलेला, आवाज अंगावर येणारा. काकाजींचा हात खिशाकडे गेलाच होता. पण ज्या माणसानं आयुष्यभर 25 हजार व्होल्टवर चालणाऱ्या इंजिनांचे ट्रान्सफॉर्मर पाहिले त्याची सवय जाते का हो, ते म्हणाले, थांबा, मला दोन्ही उचलून पाहू द्या. उचलले. नऊ हजारांचा चांगला जड, चौदा हजारांचा उचलला तर रिकाम्या बिस्किटाच्या डब्यासारखा हातात आला. काकाजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "याच्यात ट्रान्सफॉर्मर कुठं आहे?"

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, वजनाची ही परीक्षा जुन्या पद्धतीच्या, ट्रान्सफॉर्मरवाल्या अॅम्पलाच लागू पडते. आजकालचे क्लास डी अॅम्प, म्हणजे वीज झपाट्यानं चालू-बंद करत चालणारे, हलकेच असतात आणि त्यात वाईट काही नाही, त्यांच्यावर पुढे बोलतो. पण हे दोन्ही ट्रान्सफॉर्मरवालेच होते, निळ्यातला फक्त नावापुरता, आणि अशा अॅम्पमध्ये खरा खर्च ट्रान्सफॉर्मरवर, उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकवर आणि वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर होतो. तिथे पैसे वाचवले की लाइट लावायला पैसे उरतात.

तर काकाजींनी दुकानदाराला गळ घातली, दोन्ही घरी नेऊ द्या, डिपॉझिट ठेवून घ्या, उद्या एक परत आणून देतो. दुकानदार ओळखीचा होता, हो म्हणाला. आणि घरी आल्या आल्या काकाजींनी इतवारीतल्या एका जुन्या मेकॅनिकला बोलावलं, ज्यानं कधीकाळी त्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ जिवंत केला होता. म्हातारा माणूस, सोबत एक कापडी पिशवी, पिशवीत मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर आणि पानाचा डबा.

मेकॅनिकनं आधी गाणं लावूच दिलं नाही. अॅम्प चालू, गाणं बंद, आवाजाचा नॉब थोडा वर, आणि कान थेट स्पीकरच्या ट्वीटरला, म्हणजे बारीक सुरांच्या त्या लहान गोलाला. साधा अॅम्प जवळजवळ चूप. निळ्यातून सूंऽऽ असा फस्फसाट आणि खाली घूंऽऽ असा बारीक घूंगाट. म्हणाला, "गाणं चालू असताना हे ऐकू येत नाही, पण दोन गाण्यांच्या मधे रोज ऐकावं लागेल." ही परीक्षा तुम्ही कुठल्याही दुकानात करू शकता, पैसे लागत नाहीत, फक्त पंखा बंद करायला सांगा.

मग त्यानं मोबाइलवर एक सरळ सूर लावला, 100 हर्ट्झचा. मी विचारलं 100 च कायले, तर म्हणाला साधा मल्टिमीटर वीजबोर्डाच्या 50 हर्ट्झच्या आसपासच खरं बोलतो, फार वरच्या सुरावर चुकतो. मीटर एसी व्होल्टवर, टोकं स्पीकरच्या मागच्या टर्मिनलवर, आणि नॉब हळूहळू फिरवत आकडा आणला 2.83 व्होल्टवर. 2.83 का? कारण 8 ओहमच्या स्पीकरला 2.83 व्होल्ट दिले की बरोबर 1 वॅट जातो. नीट ऐका, एक वॅट. आणि त्या एका वॅटवर भिंतीवरची फ्रेम थरथरून राहिली होती, स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "अहो, कमी करा ते!" काकाजी मेकॅनिकला म्हणतात, "हा एक वॅट?" मेकॅनिक म्हणतो, "हाच एक वॅट."

मंडळी, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घरी बसून गाणं ऐकताना आपण एक-दोन वॅटच वापरत असतो. तबल्याची थाप आली, ढोलकी आली की क्षणभर त्याच्या दहापट-वीसपट लागतात, म्हणून अंगात 20-30 खरे वॅट असले म्हणजे दहा बाय बाराला भरपूर झालं. 50 चे 100 वॅट केले तर वाढतात फक्त 3 डेसिबल, आणि आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. 1978 साली नॅड कंपनीनं 3020 नावाचा अॅम्प काढला होता, कागदावर फक्त 20 वॅटचा आणि किंमत साध्या माणसाला परवडेल अशी, तो जगभर खपला आणि लोक आजही जुना शोधून घेतात.

हं, तर दोन्ही अॅम्पवर 2.83 व्होल्ट आले त्या जागी मेकॅनिकनं नॉबपाशी पेन्सिलीनं खूण केली. म्हणजे आता दोन्हींचा आवाज सारखा. काकाजींना खुर्चीत पाठमोरं बसवलं, तोंड कॅलेंडरकडे. मी वायरी बदलायचो, दरवेळी अॅम्प बंद करून, आणि काकू वहीत लिहायच्या. गाणं काकाजींनीच निवडलं, एक ठुमरी, मागे तानपुरा आणि सारंगी, पन्नास वर्षं कानात बसलेली. काकाजी डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, पहिला बरा किंवा दुसरा बरा. शेवटी काकूंनी वही वाचून दाखवली, जवळजवळ दरवेळी नऊ हजारांचा साधा अॅम्प निवडलेला. का निवडला विचारलं तर म्हणाले, "याच्यात तानपुरा गाण्याच्या मागे बसला आहे, त्याच्यात तो गाण्यात चिकटला आहे."

आता खरी मजा. मेकॅनिक काही न बोलता उठला आणि निळ्या अॅम्पचा नॉब पेन्सिलीच्या खुणेच्या किंचित पुढे सरकवला, इतका किंचित की आवाज वाढला असं आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नाही. पुन्हा तीच ठुमरी. काकाजी पाठमोरेच. आणि ते म्हणतात, "हा आता उजवा वाटून राहिला, याच्यात जान आली."

मेकॅनिकनं त्यांना वळायला सांगितलं आणि खूण दाखवली. काकाजी बराच वेळ त्या खुणेकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे बर्डीवर त्यानं हेच केलं." आणि हो, हेच केलं होतं, जो विकायचा तो जरासा मोठा लावायचा. अर्धा-एक डेसिबलचा फरक आपल्या कानाला मोठा आवाज म्हणून कळतच नाही, चांगला आवाज म्हणून कळतो. कान म्हाताऱ्याचा असो की पोराचा, सगळ्यांचं असंच होतं. म्हणून तुलना करायची तर आवाज सारखा करून करा, ओळखीचं गाणं नेऊन करा आणि पाठ फिरवून करा. मीटर नसेल तर सेल्समनच्या हातातून नॉब आपल्या हातात घ्या, एवढं तरी करा.

काकाजींनी साधा ठेवला, निळा परत केला, आणि वाचलेल्या पैशांतून एक जाड सुती सतरंजी आणली. यावर मला बोलायचंच आहे. आपण सगळ्यांनी घरभर चकचकीत टाइल्स लावून घेतल्या, भिंती गुळगुळीत केल्या, पडदे काढून काचा लावल्या, आणि मग आवाज कर्कश येतो म्हणून अॅम्प बदलत फिरतो. खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवून पाहा, टण्ण करून आवाज परत आला तर आधी सतरंजी घाला. आपल्या आजीच्या घरी सतरंजी, गाद्या, लोड होते, त्या घरात साधा रेडिओसुद्धा गोड लागायचा. आणि टाइल्सचा राग काढलाच आहे तर लग्नातल्या डीजेचाही काढतो, रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहे, आणि तरी दहा वाजता आपल्याकडे वरात अर्ध्या रस्त्यात असते. लहान पोरं त्या भोंग्यांसमोर नाचतात, त्यांच्या कानांचं काय होत असेल याचा जीवाला घोर लागतो.

असो. क्लास डी बद्दल बोलतो म्हणालो होतो. हे लहानसे, तळहाताएवढे अॅम्प असतात, कमी बजेटमध्ये आज सगळ्यात जास्त आवाज हेच देतात. यांच्यात टीपीए 3116 नावाची चिप खूप वापरतात. तिच्या कागदावर 50-50 वॅट लिहिलेले आहेत, पण ते 4 ओहमला आणि 21 व्होल्टवर. तुमचे स्पीकर 8 ओहमचे आणि अॅडाप्टर 12 व्होल्टचा असेल तर चॅनलमागे दहा वॅटही मिळत नाहीत, तेच 24 व्होल्टचा चांगला अॅडाप्टर लावला तर तीसच्या आसपास जातात. म्हणजे पुन्हा तेच, अॅडाप्टर वाचा. आणि हे तापत फार कमी, जे आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 ला टेकलेला असताना, फार कामाचं आहे. ट्रान्सफॉर्मरवाला घेतला तर त्याच्या डोक्यावर वीतभर जागा मोकळी सोडा, वर क्रोशाचा रुमाल टाकू नका, टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका.

आणि कूलरच्या झोतात तर मुळीच ठेवू नका. ओली हवा दिवसरात्र अॅम्पच्या आत जाते, सॉकेट आणि नॉब गंजतात, मग नॉब फिरवला की खरखर. कूलर आणि अॅम्प एकाच एक्स्टेन्शनवर लावले तर कूलरचा पंप चालू-बंद झाला की स्पीकरमध्ये खट् होतं. वेगळा बोर्ड घ्या. घूंगाट येतो म्हणून काही जण प्लगची तिसरी पिन कापून टाकतात, ते करू नका हो, ती अर्थिंग आहे, शॉक बसला तर तीच वाचवते. आधी बाकीच्या वायरी एकेक काढून पाहा, केबल टीव्हीची वायर जोडलेली असली की बरेचदा घूंगाट तिथूनच येतो.

स्पीकरचे ओहमही पाहून घ्या. अॅम्पच्या मागे लिहिलेलं असतं किमान किती ओहम चालतात. एकाच टर्मिनलवर 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ते 4 होतात, आणि अॅम्पला 4 झेपत नसेल तर तो तापतो, कधी जळतो. लहान अॅम्प पूर्ण वर करून वाजवला तरी तोटा, आवाज फाटायला लागला की आधी ट्वीटर जातो. फाटला की लगेच खाली करा.

जुना घ्यायचा विचार असेल तर अवश्य घ्या, आठ हजारांत जुन्या चांगल्या कंपनीचा अॅम्प नव्या झगमगीत डब्याला भारी पडतो. पण अर्धा तास चालवून मगच पैसे द्या. चालू केल्यावर थोड्या वेळानं ज्या अॅम्पमध्ये रिले (स्पीकर थोडा उशिरा जोडणारा आतला स्विच) आहे त्यात टक् असा आवाज यायला हवा. दोन्ही बाजू सारख्या वाजतात का पाहा, बॅलन्सचा नॉब टोकापर्यंत फिरवून पाहा. झाकण उघडू देत असतील तर कपॅसिटरची टोपी फुगली आहे का बघा. नुसती खरखर असेल तर घाबरू नका, नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की बहुतेक वेळा जाते, त्या खरखरीवर मात्र हजार-पाचशे कमी करून घ्या.

पुढच्या वेळी स्पीकरवर बोलू, कारण बजेटचा मोठा वाटा खरं तर तिकडेच जायला पाहिजे. तोवर दुकानात जाणार असाल तर ओळखीचं एक गाणं मोबाइलमध्ये डाउनलोड करून न्या, दुकानातल्या नेटवर भरवसा ठेवू नका. येतो मंडळी, नमस्कार.