जीएलसी घ्यायची, पण ३०० का २२० डी? मराठवाड्यातल्या रनिंगचा हिशोब

राम राम मंडळी. मागच्या काही महिन्यांपासून मला एकच प्रश्न फिरून फिरून विचारायले लोकं, दादा मर्सिडीजची जीएलसी घ्यायचीय, पेट्रोल ३०० घेऊ का डिझेल २२० डी घेऊ. आणि विचारणारे कोण, तर जालन्याचे स्टीलवाले, नांदेडचे डॉक्टर, लातूरचे डाळमिलवाले. बाहेरच्यांना वाटतं मराठवाड्यात कोण घेतंय असल्या गाड्या, पण २०१० ला आपल्या संभाजीनगरात, तेव्हा औरंगाबाद होतं, लोकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या आणि अख्ख्या देशात बातमी झाली होती. घेणारे आहेतच, गडबड होते ती व्हर्जन निवडताना, म्हणून आज नुसतं तेवढंच बोलू.

आधी सारखं काय ते सांगतो. ही आत्ताची जीएलसी ऑगस्ट २०२३ ला आली, दोन्हीत २ लिटरचं इंजिन, दोन्हीत ९ गिअरचा ऑटोमॅटिक, दोन्हीत चारही चाकांना ताकद, दोन्हीला ४८ व्होल्टची छोटी हायब्रिड सिस्टिम, डिकी ६२० लिटर. फरक इंजिनाच्या स्वभावात. पेट्रोलला २५८ हॉर्सपॉवर आणि ४०० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढायची ताकद, डिझेलला १९७ हॉर्सपॉवर पण टॉर्क ४४०. म्हणजे समृद्धीवर मोकळ्या रोडला पेट्रोल पळायला भारी, आवाज पण कमी, आणि घाटात किंवा पाच माणसं अन सामान भरून उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक मारायचा असला तर डिझेल न ओरडता ओढून नेतं. समृद्धीवर लिमिट १२० आहे हे पण लक्षात ठेवा, तिथं दोन्ही गाड्या आरामात चालतात, जास्तीचे हॉर्सपॉवर तुम्ही वापरणार कुठं हे स्वतःला विचारा.

आता पैशाचं, इथं जरा नीट ऐका. लॉन्चच्या वेळी पेट्रोल साडेत्र्याहत्तर लाख होती आणि डिझेल साडेचौऱ्याहत्तर, एक्स शोरूम. लोकं म्हणतात एका लाखाचाच तर फरक, डिझेल घेऊन टाकू. तसं नाही ना. आपल्या महाराष्ट्रात २० लाखाच्या वरच्या गाडीला स्वतःच्या नावावर पेट्रोलला १३ टक्के रोड टॅक्स आणि डिझेलला १५ टक्के. पेट्रोलचा होतो साधारण साडेनऊ लाख, डिझेलचा अकरा लाखाच्या वर, म्हणजे तो एक लाखाचा फरक तिथंच २ लाख ६० हजाराच्या आसपास गेला. हे वसूल कधी होणार? कंपनीचं मायलेज पेट्रोलचं १४.७, डिझेलचं १९.४. पेट्रोल १०५ धरा, डिझेल ९२ धरा, परभणीकरांनी अजून थोडं वर धरा कारण तुमच्याकडं टँकर पार मनमाडहून येतो आणि राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून परभणीचं नाव कितीदा तरी पेपरात आलंय. कागदावरचं मायलेज रोडवर मिळत नसतं, म्हणून दोन्हीचं एक चतुर्थांश कमी धरलं तर किलोमीटरला ३ रुपये २० पैशाच्या आसपास वाचतात, आणि २ लाख ६० हजार वसूल व्हायला ८० हजार किलोमीटरच्या वर गाडी चालवावी लागते.

बघा आता, ज्या डॉक्टर साहेबांचं घर ते हॉस्पिटल आणि दिवाळीला पुणे एवढंच रनिंग आहे, वर्षाला ८-१० हजार, त्यांना आठ-दहा वर्षं लागतील, तोवर गाडी विकून पण झालेली असते. आणि ज्याची साइट एक बीडला, एक हिंगोलीला, एक नागपूरला, वर्षाला २५-३० हजार किलोमीटर फिरतो, त्याचे तीन वर्षात निघाले.

एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही बरं का. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर पेट्रोल असो का डिझेल, रोड टॅक्स सरळ २० टक्के. म्हणजे टॅक्स जास्त बसतो पण दोन्हीतला फरक फक्त १ लाख २० हजार उरतो आणि डिझेल ४० हजार किलोमीटरच्या आतच परवडायला लागतं. त्यामुळं गाडी कुणाच्या नावावर घ्यायची हे आधी सीए बरोबर बसून ठरवा, व्हर्जन नंतर. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी अन २२ टक्के सेस जाऊन ४० टक्के जीएसटी झाला, म्हणून आकडे आजच्या कोटेशनचे टाका, पद्धत हीच ठेवा.

डिझेलचं अजून एक. बीएस सिक्स डिझेलला धूर गाळणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात, त्यात काजळी साचते आणि ती जाळायला गाडी गरम होऊन वीस-पंचवीस मिनिटं सलग चालावी लागते. माझ्या मामेभावाकडं दुसऱ्या एका कंपनीची डिझेल एसयूव्ही आहे, वहिनी रोज सिडको ते उस्मानपुरा नेणार, अन आणणार, बस, चौथ्या महिन्यात डॅशबोर्डवर लाइट लागला. मी रविवारी ती जालन्याला नेऊन आणली, लाइट गेला. धूर साफ करायला डिझेल गाडीत वेगळा युरिया भरावा लागतो, डीईएफ म्हणतात, त्याची काळजी करू नका, ट्रकवाल्यांमुळं हायवेच्या पंपांवर बादलीत मिळतो.

ज्यांना डिझेल नकोच आहे त्यांनी ऑडीची क्यू फाइव्ह पण बघा, आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यालाच जोडणी होते तिची आणि मला त्याचं खरंच कौतुक वाटतं. ती भारतात फक्त पेट्रोलमध्ये मिळते, २०२१ ला आली तेव्हा प्रीमियम प्लस आणि टेक्नॉलॉजी असे दोन व्हेरियंट होते, इंजिन दोन्हीत तेच, फरक जवळपास पाच लाखाचा आणि तो स्पीकर, स्क्रीन असल्या गोष्टींचा. माझं मत विचाराल तर खालचा घ्या. आपल्याकडं मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला मागच्यांसाठी वेगळा एसी कामाला येतो, एकोणीस स्पीकर नाही येत.

शेवटचं टायरचं, हे मी हात जोडून सांगतो. सेल्समन २० इंची अलॉय दाखवल, दिसतात मस्त. पण २३५/५५ आर १९ टायरची बाजूची भिंत साधारण १२९ मिलिमीटर असते आणि २५५/४५ आर २० ची ११५. तेवढं १४ मिलिमीटर रबर कमी झालं की जिंतूर साइडच्या खड्ड्यात झटका सरळ अलॉयला बसतो, टायरला फुगा येतो, आणि तो साइज गावात कुणाकडं नसतो. म्हणून १९ च ठेवा, आणि बुकिंगच्या आधी डिकीचं झाकण उघडून स्टेपनी खरंच दिलीय का नुसती पंक्चर किट दिलीय ते स्वतःच्या डोळ्यानं बघा.