पावसाआधीची तयारी

मंडळी, दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. त्याचा अभिमान वाटायलाच हवा. मला बोलायचंय ते निकालानंतरच्या दोन महिन्यांबद्दल, कारण चांगले मार्क मिळवलेली आपली मुलं तिथे गळतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. खलाशाच्या हातात पैसा नाही. आंब्याच्या बागेतली मजुरी त्याआधीच संपलेली. जुलैत लावणी, घरातलं एक माणूस मोकळं नाही. वीज गेली की मोबाइलची रेंजही जाते. नेमक्या याच काळात प्रवेशाच्या फेऱ्या चालतात: कागद तपासून घ्या, पसंतीक्रम भरा, जागा मिळाली की मुदतीत पैसे भरून ती पक्की करा. हे वेळापत्रक आपल्यासाठी कुणी बदलणार नाही. म्हणून कागदांचं काम पाऊस सुरू व्हायच्या आधी संपलेलं असलं पाहिजे.

दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे लहानपणी परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याला चालत गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. अभ्यास पुरा होता, अडलं ते वयावर. त्याला दीडशे वर्षं होत आली. आजही आपली पोरं अभ्यासापेक्षा दाखल्यांवरच जास्त अडतात.

सगळ्यात जास्त अडवतं ते जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला समितीने तपासून खरा ठरवल्याचा कागद. व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही. वैधतेचा अर्ज अकरावीतच करा. ओबीसी कुटुंबांना जातीचा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो. इथे आपल्या कोकणाची खास अडचण आहे. पणजोबा मुंबईला गिरणीत होते, आजोबा गिरगाव-लालबागच्या पालिका शाळेत शिकले, त्यामुळे गावच्या शाळेत त्यांची नोंदच सापडत नाही. मग गणपतीला चाकरमानी घरी आले की आरतीनंतर सगळ्यांना एकत्र बसवा आणि विचारा, आजोबांचा किंवा त्यांच्या भावांचा शाळा सोडल्याचा दाखला कुणाकडे आहे? वडिलांकडच्या एखाद्या चुलत भावंडाला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत मागून घ्या, तिचा मोठा आधार होतो. आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असेल, तर तेही तेव्हाच ध्यानात येईल.

आता पैशांचं. ज्यांची मुलं आठवीत आहेत त्यांनी एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा सोडू नये. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मुलींच्या आईवडिलांनी तर नीट ऐका. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) घरांतल्या मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाली असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ‘मुलीला एवढं कुठून शिकवणार’ असं म्हणायच्या आधी हे तपासा. खोली आणि खाणावळ मात्र यात नाही. त्यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवावेच लागतील. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून येणारी शिष्यवृत्तीची रक्कम अडकते. ते काम एका फेरीत होतं, तेवढं उरकून टाका.

प्रवेश झाला म्हणजे झालं, असं मात्र नाही. मराठी माध्यमातून गेलेलं लेकरू पहिल्या सत्रात इंग्रजीतलं लेक्चर ऐकून गांगरतं, लाजेनं कुणाला विचारत नाही. गणपतीला घरी येतं आणि परत जायला कचरतं. अशा वेळी ‘जमत नसेल तर राहा घरी’ म्हणू नका. एखादा विषय राहिला तर तो पुन्हा देता येतो. फोनवर मार्क विचारण्याआधी विचारा, वर्गात समजतंय का, तिथे आपल्याकडचं कोण आहे?

लोणेरे, रत्नागिरी, दापोली, पुणे, मुंबई, जिथे जिथे आपल्या गावची मुलं शिकतायत त्यांची नावं आज इथेच लिहून घेऊ. वही टेबलावर ठेवली आहे. नाव, कॉलेज, कितवं वर्ष, आणि त्यांची परवानगी असेल तर फोन नंबर.