पहिली गोळी आणि दुसरी गोळी

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय असा, की घरात तो कुजबुजत बोलला जातो आणि दवाखान्यात तर तोंडातून निघतच नाही. मुलांना होणारे बारीक पांढरे जंत, म्हणजे पिनवर्म. काही जण त्यांना सूतकृमी म्हणतात.

लाज वाटण्यासारखं यात खरं तर काही नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात एका गुहेत माणसाची सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची वाळलेली विष्ठा सापडली, तिच्यातही या जंताची अंडी होती. इतका जुना हा आपला सोबती आहे. आणि तो फक्त गरिबाघरी किंवा अस्वच्छ घरीच येतो असंही नाही. श्रीमंत देशांतल्या टापटीप घरांतही तो सर्रास सापडतो. शाळकरी मुलांमध्ये सगळ्यात जास्त, आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्या आयांमध्ये.

हा जंत राहतो मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला. मादी 8 ते 13 मिलिमीटर लांब, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखी. नर त्याहून बराच लहान. मूल गाढ झोपलं की मादी गुदद्वारातून बाहेर येते आणि आजूबाजूच्या कातडीवर अंडी घालते. एका मादीची अंडी दहा हजारांच्या घरात असतात. अंडी घातली की ती मरते. पण ती अंडी चिकट असतात, आणि तिथे खाज सुटते. मूल झोपेतच खाजवतं. अंडी नखांत जातात. चार ते सहा तासांत ती संसर्ग करण्याजोगी होतात, म्हणजे रात्री घातलेली अंडी सकाळपर्यंत तयार! मग मूल उठतं, अंगठा तोंडात घालतं किंवा हात न धुता खायला बसतं, आणि चक्र पुन्हा सुरू. गिळलेल्या अंड्यापासून अंडी घालणारी मादी व्हायला साधारण महिना लागतो. हा महिना लक्षात ठेवा, औषधाचं गणित त्यावरच बसलेलं आहे.

बिछान्यावर, चड्डीत, खेळण्यांवर पडलेली अंडी दोन-तीन आठवडे जिवंत राहू शकतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. चादर झटकली की हवेत उडतात आणि श्वासाबरोबर नाकातोंडात जाऊन गिळलीही जातात. कुत्र्यामांजरांवर मात्र आळ घेऊ नका. हा जंत माणसाचाच, माणसाकडून माणसाकडे जाणारा.

तब्येतीवर परिणाम काय? बऱ्याच जणांना काहीच होत नाही, जंत असल्याचा पत्ताही लागत नाही. त्रास होतो तो मुख्यतः झोपेचा. रात्री झोपमोड, दिवसा चिडचिड, अभ्यासात लक्ष नाही. खाजवून खाजवून कातडी सोलवटते आणि तिथे जिवाणूंचा संसर्ग होतो. मुलींमध्ये जंत योनीमार्गाकडे सरकतात, मग तिथे खाज, दाह, पांढरं जाणं सुरू होतं. लहान मुलीला असा त्रास असेल तर डॉक्टरांना जंतांबद्दल आवर्जून विचारा. हा जंत अंकुशकृमीसारखा रक्त पीत नाही, त्यामुळे मुलाचं हिमोग्लोबिन कमी आलं तर खापर याच्यावर फोडून गप्प बसू नका, दुसरं कारण शोधायला हवं. आणि झोपेत दात खाल्ले किंवा गोड जास्त खाल्लं म्हणजे जंत झाले, ही समजूतही सोडून द्या. साखरेतून अंडी येत नाहीत.

आता तपासणी. लोक शौचाची तपासणी करतात, रिपोर्ट चांगला येतो आणि निर्धास्त होतात. पण या जंताची अंडी शौचात क्वचितच सापडतात, ती बाहेर कातडीवर असतात. म्हणून चिकटपट्टी वापरतात. मूल सकाळी उठल्या उठल्या, शी आणि अंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टीची चिकट बाजू गुदद्वाराभोवती दाबायची, काढून काचपट्टीवर चिकटवायची आणि प्रयोगशाळेत द्यायची. 1941 पासून ही पद्धत चालत आली आहे. सलग तीन सकाळी केली तर अंडी निसटण्याची शक्यता फार कमी. त्याहून सोपं म्हणजे मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन बघा. पुष्कळदा जंत वळवळताना दिसतोच.

औषध साधं आहे. अल्बेंडाझोल, मेबेंडाझोल किंवा पायरँटेल, यांपैकी एकाचा एकच डोस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. गडबड होते ती पुढे. गोळी आतड्यातले जंत मारते, पण अंड्यांचं फारसं बिघडवत नाही. घरात विखुरलेली अंडी नंतर पोटात गेली की नवी पिढी वाढू लागते. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस. तोवर नवे जंत पोटात असतात, पण अंडी घालण्याइतके मोठे झालेले नसतात. खाज थांबली म्हणून लोक हीच दुसरी गोळी टाळतात, आणि महिन्याभराने "औषध लागू पडलं नाही" म्हणत परत येतात. दुसरी चूक म्हणजे एकट्या मुलालाच गोळी देणं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची, आजी-आजोबांनीसुद्धा. फक्त गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया आणि दोन वर्षांखालची मुलं यांच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा.

या दोन आठवड्यांत रोज सकाळी मुलाला अंघोळ घाला, चड्डी बदला. नखं मुळाशी कापा. चादरी न झटकता उचला, गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. हात साबण-पाण्यानेच धुवायचे. सॅनिटायझरवर या अंड्यांच्या बाबतीत भरवसा ठेवू नका. सगळं घर फिनेलने घासत बसण्याची मात्र गरज नाही.

शाळेचं म्हणाल, तर मुलाला घरी बसवू नका. गोळी द्या, हात धुवायला लावा आणि पाठवा. दोन्ही डोस नीट घेऊनही खाज परत आली, शौचात रक्त दिसलं, किंवा पोट सतत दुखत राहिलं, तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे जा.

नमस्कार.