पाच आवाजांची वाटणी: ‘वॉनाबी’ कसं घडलं आणि कसं पोचलं

(ठाण्यात होतकरू गायक, संगीतकार आणि घरी स्टुडिओ चालवणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

आज एकच गाणं घेऊ. स्पाइस गर्ल्स या पाच मुलींच्या ब्रिटिश ग्रुपचं ‘वॉनाबी’. जुलै १९९६मध्ये ब्रिटनमध्ये आलं, लांबी २ मिनिटं ५३ सेकंद. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, पण गाणं लागलं की मान हलतेच. ‘मार्केटिंगच्या जोरावर चाललं’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मार्केटिंग होतंच, भरपूर होतं. गंमत अशी, की मार्केटिंग करणाऱ्यांना हे गाणं सगळ्यात आधी काढायचंच नव्हतं. ते पुढे येईलच. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे, की ग्रुपच्या गाण्यात चालीइतकंच, कधी कधी चालीपेक्षा जास्त, महत्त्व कोण कधी गाणार याला असतं. ती वाटणी जमली तर साधी चालही उभी राहते. नाही जमली तर पाच गुणी मुलींचा आवाज शाळेच्या प्रार्थनेसारखा सपाट येतो.

पार्श्वभूमी पटकन सांगतो. १९९४मध्ये बॉब आणि ख्रिस हर्बर्ट या बापलेकांनी ‘द स्टेज’ या वृत्तपत्रात जाहिरात देऊन मुली निवडल्या. एक जण गळाली, तिच्या जागी एमा बंटन आली. मेडनहेडच्या एका घरात पाचही जणी एकत्र राहून तालमी करत होत्या. डिसेंबरात लंडनच्या नोमिस स्टुडिओत त्यांना संगीतक्षेत्रातल्या लोकांपुढे उभं केलं, तिथे गीतकार-निर्माता रिचर्ड स्टॅनर्डनं त्यांना पाहिलं. १९९५च्या सुरुवातीला स्टॅनर्ड, त्याचा जोडीदार मॅट रो आणि या मुली पूर्व लंडनमधल्या कर्टन रोडवरच्या स्ट्राँगरूम स्टुडिओत बसल्या आणि हे गाणं झालं. मग हर्बर्टना रामराम, सायमन फुलरशी व्यवस्थापनाचा करार आणि व्हर्जिन रेकॉर्ड्स ही कंपनी.

गाणं लिहायला तासभरही लागला नाही, असं सगळीकडे सांगतात. ते खरं आहे, पण त्यावरून भलताच धडा घेऊ नका. एका घरात राहून, दिवसभर एकमेकींच्या तोंडाला तोंड देऊन जी बोलण्याची लय तयार झाली होती, ती त्या तासात ओतली गेली. समोर एक ड्रमचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा छोटा ठेका, वाजत होता आणि प्रत्येक जण आपला तुकडा टाकत होती. पाच जणींतली व्हिक्टोरिया त्या बैठकीला बहुतेक वेळ हजर नव्हती. गाणं ऐका, तिची एकही स्वतंत्र ओळ नाही, ती फक्त साथीत आहे. बैठकीला कोण होतं आणि कोण नव्हतं, हे आजही त्या ट्रॅकवर ऐकू येतं.

आता रचनेकडे या. लय साधारण ११० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ११० ठोके. चार ठोक्यांचा एक बार धरला तर तो २.१८ सेकंदांचा होतो, म्हणजे पूर्ण गाण्यात जेमतेम ७९ बार. सुरुवातीला ग्रुपमधल्या मेल बीचं खळखळून हसणं, आणि लगेच मेल बी व जेरी या दोघींचे सवाल-जबाब. लांबलचक वाद्यांची सुरुवात नाही, वातावरणनिर्मिती नाही. मुखडा यायच्या आधीच दोन वेगळ्या गळ्यांची ओळख झालेली असते. मुखड्यात सगळ्या एकत्र. अंतऱ्यात पुन्हा एकेकटीच्या ओळी. पुढे रॅप, त्यात ग्रुपमधल्या मुलींची ओळखपरेड. मंगळागौरीला एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, तोच हिशेब. ऐकणारीला दर काही सेकंदांनी नवा गळा मिळतो, म्हणून चाल थोडक्या सुरांत फिरत असली तरी कंटाळा येत नाही.

मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयानं ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर एक ऑनलाइन खेळ केला होता. गाण्याचा तुकडा वाजवायचा आणि तो ओळखायला किती वेळ लागतो ते मोजायचं. २०१४मध्ये त्याचे आकडे आले तेव्हा ‘वॉनाबी’ पहिलं होतं, सरासरी २.२९ सेकंद. आपल्या आत्ताच्या हिशेबाशी ताडून बघा, एका बारपेक्षा किंचित जास्त. खेळणारे मुख्यतः ब्रिटिश होते हे धरून चाला, तरी या गाण्याचा कुठलाही एक बार उचलला तर त्यात कुणाचा तरी ओळखू येणारा आवाज सापडतो, हे तुम्हीही तपासू शकता. घरी स्वतःच्या गाण्याचे असे बारभराचे तुकडे पाडा आणि मित्राला ऐकवा. ज्या तुकड्यावर तो ‘हे कुठलं?’ विचारेल तिथे काम बाकी आहे.

मग गाडी मिक्सवर, म्हणजे सगळे ट्रॅक तोलून एकत्र करण्यावर, अडली. पहिलं मिक्स व्हर्जिनला मिळमिळीत वाटलं. अमेरिकेत आर अँड बी वळणाचं एक रूप करून पाहिलं, ते मुलींनी नाकारलं. शेवटी मार्क ‘स्पाइक’ स्टेंटकडे दिलं आणि त्यानं आवाज पुढे आणले. पहिलं गाणं कुठलं काढायचं यावरही वाद झाला. फुलर आणि कंपनीला दुसरं, जास्त गुळगुळीत गाणं हवं होतं. मेल बी आणि जेरी अडून बसल्या. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं, कारण पहिल्या सिंगलनं, म्हणजे सुट्या काढलेल्या पहिल्या गाण्यानं, चालीच्या आधी माणसं ओळखीची करून द्यायची असतात.

आता आपल्या खोलीत या. चार-पाच मुलींचा ग्रुप आहे, गाणं मराठी आहे, आणि रेकॉर्डिंग घोडबंदर रोडवरच्या किंवा ऐरोलीतल्या फ्लॅटमध्ये व्हायचंय. पहिलं काम पट्टी ठरवणं. एकट्या गायिकेला पेटीवरची काळी चार किंवा काळी पाच देऊन आपण सुटतो, इथे ते चालत नाही. प्रत्येकीचा सहज लागणारा सगळ्यात खालचा आणि वरचा सूर कागदावर लिहा. एकत्र गायच्या मुखड्याचा सर्वोच्च सूर, ज्या मुलीचा गळा सगळ्यात खालचा आहे तिलाही न ताणता लागला पाहिजे. मुखडा एका सप्तकाच्या आत ठेवा, सहा-सात सुरांत बसला तर उत्तम. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. तिथे लोक जे भाग गळा काढून गात होते ते आठवा, सगळे छोट्या आवाक्यातले. वरच्या उड्या अंतऱ्यात घ्या, आणि ज्या मुलीला त्या जमतात तिलाच द्या.

खोलीचं बघू. दोन भिंतींत १० फूट अंतर असेल तर ५६, ११२ आणि १६९ हर्ट्झच्या आसपास खोली घुमते. शेवटचा आकडा मुलींच्या खालच्या सुरांच्या पट्टीतला आहे, त्यामुळे काही सूर फुगून येतात आणि आपण गायिकेला दोष देतो. खोली चौरस आणि छतही तेवढंच उंच असेल तर तिन्ही दिशांचं घुमणं एकाच सुरावर पडतं. उपाय साधा आहे. माइक खोलीच्या बरोब्बर मध्यावर नको आणि भिंतीला चिकटूनही नको, गायिकेच्या पाठीमागे गादी उभी करा. भिंतीवर पातळ फोम चिकटवून हे घुमणं जात नाही. तो फक्त वरचा चमकदारपणा खातो आणि आवाज कोंदट करतो, तेव्हा त्यावर पैसे घालू नका. रस्त्यावरच्या ट्रकची गुरगुर बरीचशी १०० हर्ट्झखाली असते. मुलींच्या आवाजावर १०० ते १२०चा हाय-पास (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) लावला की तिचा मोठा भाग जातो. शेजारच्या कुकरची शिटी मात्र जात नाही, तिथे टेक पुन्हा घ्यावा लागतो. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचंही तेच, म्हणून आवाजाचं काम जुलैत ठेवू नका.

ट्रॅकचा हिशेब असा. स्वतंत्र ओळीचे चार-पाच टेक घ्या, त्यातले चांगले तुकडे जोडून एक कॉम्प करा. मुखड्यासाठी पाचही जणींचे एकाच सुरात दोन-दोन टेक, हे झाले दहा. वरच्या तिसऱ्या सुराची हार्मनी दोघींकडून दोन-दोनदा, चार. आरडाओरड, हाका, हसणं यांचे पाच-सहा ट्रॅक वेगळे. म्हणजे मुखड्यात वीसेक ट्रॅक होतात. सगळ्यांना एका माइकभोवती उभं करून वेळ वाचवावासा वाटतो. हाकांसाठी ते झकास आहे, मुखड्यासाठी नाही, कारण एकीचा सूर हलला की तिला बाजूला काढता येत नाही.

घोटाळा होतो तो इथे. दहा जागी ‘स’ येतो आणि दहाही वेगवेगळ्या क्षणी संपतात. ‘पाऊस’वर ओळ संपत असेल तर शेवटी प्रेशर कुकर सुटल्यासारखा फुस्कारा येतो. डी-एसर (‘स’चा फुस्कारा दाबणारं साधन) लावून हे पुरतं सुटत नाही. शेवटचा ‘स’, ‘च’, ‘त’ एकीनंच उच्चारायचा, बाकीच्यांनी ‘पाऊ’वर थांबायचं. गाताना विचित्र वाटतं, ऐकताना कळतही नाही. ओळीचा आरंभही असाच. एक मुलगी मुख्य धरा आणि बाकीच्यांचे ट्रॅक तिच्या जवळ सरकवा, पण तंतोतंत जुळवू नका. १०-२० मिलिसेकंदांचा फरक राहिला तर घोळका वाटतो, तीसच्या पुढे गेला की सांडल्यासारखं वाटतं. सूर दुरुस्त करतानाही हात आखडता घ्या. दहाच्या दहा आवाज कडक ट्यून केले तर पाच मुलींची एकच मुलगी होते. हाका आणि हसणं तर अजिबात ट्यून करू नका.

पॅनिंगला, म्हणजे डाव्या-उजव्या वाटणीला, मुख्य आवाज मधोमध, डबल (तीच ओळ दुसऱ्यांदा गाऊन घेतलेले टेक) दोन्ही बाजूंना. अंतऱ्यात बाजू रिकाम्या ठेवा, म्हणजे मुखडा आल्यावर आवाज न वाढवताही तो रुंद वाटेल. प्रत्येक आवाजावर ४ ते ६ डेसिबलचं कॉम्प्रेशन (मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणं), सगळे आवाज एकत्र येतात त्या बसवर आणखी दोनेक. मग मिक्स मोनोत, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐका. हे टाळू नका. अनेक ब्लूटूथ स्पीकर मोनो असतात, आणि एकच टेक कॉपी करून मिलिसेकंदांनी सरकवून रुंद केला असेल तर मोनोत तो पोकळ होतो. दोनदा खरोखर गाऊन घेतलेले डबल असे मरत नाहीत. शेवटी फोनच्या स्पीकरवर. तिथे २०० हर्ट्झखालचं जवळजवळ काही वाजत नाही, म्हणून लय फक्त किकवर (पायानं वाजवायच्या ड्रमवर) टांगलेली असेल तर गाण्याचा पाय निघतो. ‘वॉनाबी’त लय गळ्यांनीच तोलून धरलीय, फोनवर लावून बघा.

आता गाणं पोचलं कसं ते. व्हिडिओ एप्रिल १९९६मध्ये लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या मिडलंड ग्रँड हॉटेलात झाला. सीएसएमटी रोज बघणाऱ्यांना तो गॉथिक थाट परका वाटणार नाही. मुली एका पार्टीत घुसून धुडगूस घालतात आणि कॅमेरा मागे धावतो, एका दमात घेतल्यासारखा. कंपनीला तो अंधारा आणि गबाळा वाटला. पण ब्रिटनमध्ये ‘द बॉक्स’ नावाची वाहिनी होती, प्रेक्षक फोन करून गाणी मागायचे. तिथे पोरींनी फोन करकरून तो सतत वाजवायला लावला. चार्टवर गाणं थेट तिसरं आलं, पुढच्या आठवड्यात पहिलं, आणि सात आठवडे तिथेच राहिलं. ग्रुप तेव्हा जपानमध्ये होता. त्याच जुलैत ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमाच्या मासिकात संपादक पीटर लोरेननं पाचही जणींना टोपणनावं दिली: स्केअरी, स्पोर्टी, बेबी, जिंजर, पॉश. ती कंपनीच्या मीटिंगमधून आली नाहीत. गाण्यात पाच वेगळे स्वभाव ऐकू येत होते, त्यानं फक्त चिठ्ठ्या चिकटवल्या.

समीक्षकांचं मत दुभंगलेलं होतं, काहींनी तर धुऊन काढलं. १९९७च्या सुरुवातीला अमेरिकेत बिलबोर्ड हॉट १००वर गाणं अकराव्या क्रमांकावर दाखल झालं, पहिलं आलं आणि चार आठवडे टिकलं. त्याच वर्षी ब्रिट पुरस्कारांत सर्वोत्तम ब्रिटिश सिंगल ठरलं. आपल्याकडे २००२मध्ये चॅनल व्हीच्या ‘पॉपस्टार्स’मधून ‘व्हिवा’ हा पाच मुलींचा ग्रुप निघाला, तो टीव्हीवर निवड होत असतानाच घराघरांत पोचला होता. ओळख आधी, गाणं नंतर, असा तो उलटा रस्ता होता. तोही चालतो, पण त्याला वाहिनी लागते.

मागून प्रश्न आलाय, की पाच जणींत पैसे कसे वाटायचे. स्पाइस गर्ल्सनी लेखनाचं श्रेय पाचही जणींत समान ठेवलं, बैठकीला कोण होतं हे न बघता. या गाण्यावर त्या पाच, स्टॅनर्ड आणि रो अशी सात नावं आहेत. व्हिक्टोरियाची स्वतंत्र ओळ नसूनही तिचं नाव तिथे आहे. समान वाटा हवा की कामाप्रमाणे, हे तुम्ही ठरवा, पण रेकॉर्डिंगच्याच दिवशी एका कागदावर लिहा: गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, प्रत्येकीची टक्केवारी, बेरीज १००, सगळ्यांच्या सह्या. त्याच कागदावर ध्वनिमुद्रणाची मालकी वेगळ्या ओळीत लिहा, कारण रचनेचे हक्क आणि रेकॉर्डिंगचे हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही, पण तो मिळायला आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घेऊन गाणं नोंदवावं लागतं. कोरसला एका दिवसासाठी बोलावलेल्या मुलीचं मानधन आणि तिचं नाव कुठे येणार, हेही तिथेच लिहा.